सातशे ग्रॅमचं ओझं

अंबिया बहाराची तोड सुरू झाली की मोर्शीच्या बाजारात एक प्रश्न दरवर्षी माझ्यापर्यंत येतो. विचारणारा माणूस वेगळा असतो. कधी वरूड रस्त्यावरचा बागायतदार, कधी बाग उभी विकत घेणारा व्यापारी, कधी नुकताच बापाच्या जागी बसलेला पोरगा. चहा होतो, संत्र्याच्या भावावर बोलणं होतं, गळ किती झाली याची चौकशी होते. मग तो खुर्ची जवळ ओढतो आणि आवाज खाली घेऊन म्हणतो, "भाऊ, लायसन तं भेटलं. आता घेऊ कोणतं?"

या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देत नाही. उलट मीच विचारतो. रात्री ते कुठे ठेवशील? घरात आणखी कोणाला ठाऊक असेल? पुसायला कधी बसशील? बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो. त्याने दुकानातल्या काचेखालचं रिव्हॉल्व्हर पाहिलेलं असतं, त्याची किंमत पाठ असते, कोणत्या नातेवाइकाकडे कोणतं आहे तेही ठाऊक असतं. पण ते घरी आल्यानंतरचे पुढचे वीस-तीस वर्षांचे दिवस त्याने डोळ्यांसमोर आणलेले नसतात. हे पुस्तक त्या दिवसांबद्दल आहे.

आमच्या घरात तीन पिढ्या परवान्याचं हत्यार आहे. आजोबांकडे पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक होती, वडिलांकडे बाराबोर, आणि मोठ्या काकांकडे बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर. ते रिव्हॉल्व्हर आता माझ्याकडे आहे. पुढच्या पानांत जे सांगितलंय ते या घरात शिकलेलं, काही वेळा धडकी भरल्यावर शिकलेलं आहे. ज्याच्याकडे रीतसर परवाना आहे किंवा ज्याने अर्ज केला आहे, त्याच्यासाठी ते लिहिलं. देशी कट्टा बाळगणाऱ्याला यात काही मिळणार नाही. कट्ट्याची निगा राखायची नसते. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्याची नळी धरणाऱ्याच्याच हातात फुटू शकते.

मराठी माणसाच्या मनात लपवलेल्या पिस्तुलाची गोष्ट फार वेगळ्या जागी साठलेली आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून आलं होतं. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर ज्यातून गोळ्या सुटल्या, ते बेरेटाही खिशात मावणारंच होतं. एका घटनेकडे आपण अभिमानाने पाहतो आणि दुसरीकडे खाली मान घालून. दोन्हींत हत्यार लहान होतं, झाकलेलं होतं, आणि ते नेमकं कशासाठी बाहेर निघणार हे बाळगणाऱ्याशिवाय समोर कोणालाच ठाऊक नव्हतं. लहान हत्याराचा हा गुण जुना आहे, आणि कायद्याला त्याची भीती वाटते तीही याचमुळे.

शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे हक्क आहे की सवलत, हा वाद इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा आणला तेव्हापासूनचा. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. पुढे घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये एच. व्ही. कामत यांनी तो हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कामत आपल्याच मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून गेलेले सभासद. गांधीजींच्या खुनाला वर्षही झालं नव्हतं. दुरुस्ती फेटाळली गेली. माझ्या मते ते योग्य झालं. त्यामुळे आज तुमच्या हातातलं परवान्याचं छोटं पुस्तक किंवा कार्ड ही सरकारने विश्वासाने दिलेली परवानगी आहे. ती काढूनही घेता येते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणारी हत्यारं तीनवरून दोनवर आली. मोर्शी तालुक्यासाठी परवाना देणारे अधिकारी अमरावतीचे जिल्हाधिकारी. आयुक्तालयाच्या हद्दीत शहरात राहणाऱ्यांसाठी पोलीस आयुक्त. वय किमान एकवीस लागतं. शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचा दाखला लागतो आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र लिहून द्यावं लागतं. हे हमीपत्र लोक न वाचता सही करतात. माझी विनंती आहे, ते एकदा मोठ्याने वाचा, घरच्यांसमोर वाचा.

आता झाकण्याबद्दल. पुष्कळांना वाटतं, परवाना आहे म्हणजे कमरेला दिसेल असं लावून फिरायला हरकत नाही. उलट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हातातलं हत्यार नेताना ते त्यासाठीच बनवलेल्या खोळीत, अंगाशी बांधलेलं, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे. आणि ते पूर्णपणे ताब्यात ठेवता आलं पाहिजे. ते काढून दाखवणं, मिरवणं याला सक्त मनाई आहे. म्हणजे आपल्याकडे झाकून बाळगणं ही हौस नाही, ती अटच आहे. लग्नाच्या वरातीत सदऱ्याखालून मूठ दिसेल असा फिरणारा माणूस परवान्याच्या बाहेर गेलेला असतो. वरातीत बार काढणाऱ्याला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. या तरतुदीचं मी मनापासून स्वागत केलं. वर गेलेली गोळी खाली येते, आणि खाली कोणाचा मांडव आहे हे ती पाहत नाही.

पण कोणतं घ्यावं याच्या आधी घ्यावं का, हा प्रश्न आहे, आणि तो मी टाळणार नाही.

आपल्या भागात तीन कारणं सांगितली जातात. पहिलं, रात्रीचं ओलीत. वीज रात्री येते, माणूस एकटा विहिरीवर मोटार लावायला जातो, सातपुड्याच्या पायथ्याच्या शिवारात रानडुक्कर, रोही, कधी बिबट्या असतो. या कामाला हातातलं छोटं हत्यार निरुपयोगी आहे, हे मी स्पष्ट सांगतो. अंधारात पळणाऱ्या रानडुकराला तीन इंची नळीने कोणी थांबवत नाही. जखमी डुक्कर मात्र उलटून अंगावर येतं. शिवाय वन्यप्राण्याला मारण्याचा प्रश्न वनखात्याच्या परवानगीचा आहे, तुमच्या शस्त्र परवान्याचा नाही. चांगली बॅटरी, जाड बूट, हातात काठी आणि शक्य असेल तर सोबतीला एक माणूस, एवढ्याने जास्त जीव वाचतात. कायद्यातही पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी वाट ठेवलेली आहे. ज्याला पीकच राखायचं आहे त्याने त्या वाटेने जावं.

दुसरं कारण संत्राचोर. बागेतून रात्री चार-दोन कॅरेट भरून नेणाऱ्या माणसावर गोळी झाडण्याचा हक्क कोणालाही नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली; तिच्यातली आत्मसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ या क्रमांकांची आहेत. मालमत्तेच्या रक्षणासाठी जीव घेण्यापर्यंत जाण्याची मुभा फार थोड्या प्रसंगांत आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, किंवा जिच्यात आपल्या जिवाला वा गंभीर दुखापतीला धोका आहे असं वाजवीपणे वाटावं अशी चोरी. आणि त्यातही गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पाठ फिरवून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी लागली, तर तो दिवस तुमच्या बागेचा शेवटचा चांगला दिवस समजा.

तिसरं कारण मला खरं वाटतं. तोडीच्या हंगामात मोठी रोकड घेऊन रात्रीबेरात्री रस्त्याने जाणारा माणूस, ज्याच्या जाण्यायेण्याची वेळ दहाजणांना ठाऊक असते. त्याची भीती खोटी नाही. त्यालाही मी आधी म्हणतो, रोकड कमी कर, बँकेतून घे, वेळ बदल, एकटा जाऊ नकोस. एवढं करूनही ज्याला गरज उरते, त्याच्यासाठी पुढची प्रकरणं.

निवड आपल्याकडे तशी मर्यादित आहे. नऊ मिलिमीटर, अडतीस, पंचेचाळीस या बोर सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहेत. हातातल्या हत्यारात उरतात ती मुख्यत्वे बत्तीस आणि बावीस. ऐंशीच्या दशकापासून खासगी माणसाला परदेशातून हत्यार आणणं जवळपास बंद झालं, म्हणून जुन्या घराण्यांकडचं विलायती वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन विकायला निघालं की त्याची किंमत ऐकून छाती दडपते. नवीन घ्यायचं तर बहुतेकांची नजर कानपूरकडे जाते. तिथल्या सरकारी कारखान्याचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर वेब्लीच्या जुन्या घडणीचं, मधून मोडून उघडणारं, सहा घरांच्या चक्रीचं. जानेवारी २०१४ मध्ये त्याच कारखान्याने 'निर्भीक' आणलं: बत्तीस बोर, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन सुमारे पाचशे ग्रॅम, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर ते स्त्रियांसाठी म्हणून पुढे करण्यात आलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. सव्वा लाखाचं हत्यार आपल्याकडच्या किती बायका घेणार, आणि घेतलं तरी पर्समध्ये रुमाल-किल्ल्यांखाली पडलेलं ते वेळेला हाताला लागणार कसं? बाईच्या भीतीला नाव देऊन तिच्या हातात वस्तू ठेवली की आपण मोकळे झालो, असं करता येत नाही. रस्त्यावर दिवे लागायला हवे होते, शेवटची एसटी वेळेवर यायला हवी होती.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. हत्यारं बनवणारी कंपनी कानपूरला राहिली, दारूगोळ्याची पुण्याला. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्या कंपनीने 'प्रबल' आणलं. बत्तीस बोर, ७६ मिलिमीटर नळी, काडतुसांशिवाय वजन सातशे ग्रॅम, आणि चक्री बाजूला निघते त्यामुळे भरणं-रिकामं करणं सोपं. पन्नास मीटरपर्यंत मारा, हे त्याचं मोठेपण म्हणून सांगितलं गेलं. मला मात्र तो आकडा वाचून काळजी वाटली. पन्नास मीटरवर उभ्या माणसापासून तुमच्या जिवाला या क्षणी धोका होता, हे न्यायालयाला तुम्ही कसं पटवणार? आत्मसंरक्षणाचं अंतर चार-पाच पावलांचं असतं. घेणाऱ्याने लांबचा नेम विचारू नये. मूठ आपल्या तळव्यात बसते का, घोडा न चढवता नुसता चाप ओढायला आपल्या बोटात जोर आहे का, हे विचारावं. साठीच्या माणसाच्या सांधे दुखणाऱ्या बोटाला ते जड जातं. दुकानात लाजेने तो बोलत नाही.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, या वादात मी पहिल्या बाजूचा. पिस्तूल चपटं असतं, सदऱ्याखाली दिसत नाही, गोळ्याही जास्त मावतात. पण त्याला सराव लागतो. आणि त्यात एक असा धोका आहे ज्याने जाणत्या माणसांचेही जीव घेतले: मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं वाटतं, पण नळीच्या घरात एक काडतूस शिल्लक असू शकतं. रिव्हॉल्व्हरची चक्री उघडली की सहाही घरं डोळ्यांना दिसतात. वर्षातून दोन-चार वेळाच हत्यार हाताळणाऱ्या शेतकऱ्याला जे दिसतं तेच बरं. आणखी एक गोष्ट, जी न सांगता दुकानातून निघू नये: रिव्हॉल्व्हरचं बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब, पिस्तुलाचं आखूड. नाव सारखं म्हणून भावाच्या डब्यातलं आपल्या चक्रीत बसवून पाहायचं नाही. तसं करणं धोक्याचं आहे, आणि एकाच्या परवान्यावरची काडतुसं दुसऱ्याने घेणं हा गुन्हाही आहे. खडकीच्या कारखान्याच्या काडतुसांच्या पितळी बुडावर केएफ ही इंग्रजी अक्षरं असतात. तो कारखाना १८६९ चा. डब्यावरचं पूर्ण नाव वाचा, आपल्या परवान्यावर लिहिलेल्या बोरशी आणि संख्येशी ताडून पाहा, मगच पैसे द्या.

लहान हत्यार चालवायला सोपं असतं, हा समज सगळ्यात महागात पडतो. ते लपवायला सोपं असतं, एवढंच. नळी आखूड, त्यामुळे मागचा-पुढचा नेम यांत अंतर थोडं; मनगट तीळभर हललं तरी गोळी हातभर बाजूला. वजन कमी, म्हणून झटका जास्त. मोठी बाराबोर खांद्याला टेकते, दोन हातांत धरली जाते, तिचं तोंड कुठे आहे हे दुसऱ्या टोकाला उभ्या माणसालाही दिसतं. छोट्या हत्याराचं तोंड नुसत्या बोलण्याच्या ओघात, हातवाऱ्यात, कोणाच्याही छातीकडे वळतं. म्हणून सराव हवाच, पण तो धुऱ्यावर डबे मांडून नाही. परवानगी असलेल्या मैदानावर, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. हत्यार नेहमी भरलेलं आहे असंच धरायचं. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे तोंड वळवायचं नाही. झाडायचं ठरेपर्यंत बोट चापाबाहेर, नळीच्या बाजूने सरळ. आणि समोर काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे दिसल्याशिवाय काही नाही. ही चार वाक्यं मी या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला पुन्हा छापायला लावली आहेत. संपादकांना ती पुनरुक्ती वाटली. ती तशीच राहू द्या असा माझा हट्ट होता.

निगेचं प्रकरण सगळ्यात लांब झालंय, आणि ते वऱ्हाडासाठी लिहिलंय. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेली निगा आपल्या हवेला पुरत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो. बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. डॅशबोर्डच्या कप्प्यात विसरलेलं हत्यार चोरीला जाऊ शकतं हे तर झालंच, पण तिथे दिवसेंदिवस तापलेल्या काडतुसाचा भरवसाही उरत नाही. पूर्ण उन्हाळाभर कमरेला असलेल्या रिव्हॉल्व्हरला घाम लागतो, आणि घामात मीठ असतं. अंगाच्या बाजूचं पोलाद आधी डागाळतं. मुठीच्या स्क्रूभोवती तांबूस रेघ दिसू लागते. घरी आल्यावर रोज, अक्षरशः रोज, ते रिकामं करून कोरड्या सुती कापडाने पुसायचं आणि मग तेलाचा हात लावलेल्या कापडाने. तेलाचा थेंब नव्हे, तेलाचा हात. जास्त तेल ओतलं की आपल्या काळ्या मातीची धूळ त्यात बसते आणि चक्रीच्या कण्यावर चिखल होतो. तेच तेल काडतुसाच्या बुडातून आत झिरपलं तर वेळेला ते पेटणारच नाही. काडतुसाला तेल कधीच लावायचं नाही. कोरड्या कापडाने पुसायचं, एवढंच.

पावसाळ्यात उलटा त्रास. काकांनी एका आषाढात रिव्हॉल्व्हर चामड्याच्या खोळीतच कपाटात ठेवलं. चामडं पाणी ओढतं आणि धरून ठेवतं. पोळ्याच्या सुमारास काढलं तेव्हा खोळीवर पांढरी बुरशी होती आणि नळीवर खोळीच्या शिवणीचा ठसा गंजाने उमटलेला होता. तो ठसा आजही आहे. खोळ अंगावर बाळगण्यासाठी असते, साठवण्यासाठी नाही. घरात हत्यार खोळीबाहेर, कोरड्या कापडात, कुलपात. खोळ विकत घेताना चामडं की नायलॉन यापेक्षा दोनच गोष्टी पाहा: चाप पूर्ण झाकला जातो का आणि आत घालताना खोळीचं तोंड उघडं राहतं का. नुसतं कमरेला खोचलेलं, किंवा खिशात किल्ल्यांसोबत टाकलेलं हत्यार, हे अपघाताचं आमंत्रण आहे.

दसऱ्याचंही सांगतो, कारण ते कोणत्याच पुस्तकात सापडलं नाही. आपण शस्त्रपूजा करतो. पूजेला ते रिकामं असावं, आणि रिकामं आहे हे घरातल्या दोन माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं असावं. हळद-कुंकवाचं बोट, पाण्याचा शिपका, ओलं झेंडूचं फूल रात्रभर चक्रीवर राहिलं तर सकाळी डाग पडलेला असतो. पूजा झाली, नमस्कार झाला, की त्याच संध्याकाळी सगळं पुसून, नळीत ब्रश फिरवून, तेलाचा हात लावून कुलपात. आमच्या आईने नंतर नियमच केला: कुंकू हत्याराला नाही, त्याच्याखालच्या पाटाला.

आणि आता ती सकाळ, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला घेतलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. मृग बहाराची तोड सुरू होती, रोकड घरात होती, आणि काका रात्री रिव्हॉल्व्हर उशाशी घेऊन झोपत. पहाटे ते उठून बागेत गेले. काकूने गादी गुंडाळली नव्हती. माझी सहा वर्षांची चुलतबहीण ते दोन्ही हातांत धरून अंगणात आली आणि म्हणाली, "आबा, हे जड आहे न." आबा म्हणजे माझे आजोबा, ते दात घासत बसले होते. ते ओरडले नाहीत. लोटा खाली ठेवला, हळूच उठले आणि म्हणाले, "आण बरं माह्याकडं. हळू आण. बोट नको लावू बाई." सहाही घरं भरलेली होती. तिने चाप दाबला असता तरी घोडा चढवायचा जोर तिच्या बोटात नव्हता, असं काका नंतर म्हणाले. आजोबांनी त्यावर काही उत्तर दिलं नाही, पण ते काकांशी पोळ्यापर्यंत बोलले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी सुतार बोलावून भिंतीत लोखंडी पेटी बसवली गेली. किल्ली एक, तीही माणसाच्या अंगावर. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. उशाखाली, गादीखाली, धान्याच्या कोठीत, देवघरात, पलंगाच्या खणात: लेकरांना घरातली प्रत्येक जागा ठाऊक असते. हे ज्याला पाळता येत नाही त्याने परवाना परत करावा, असं मी या पुस्तकात लिहिलंय. ते कठोर वाटलं तर वाटू दे.

माझा एक मित्र महानुभाव आहे. आपल्या तालुक्यात रिद्धपूर आहे, त्यामुळे त्याच्यासारखी माणसं इथे पुष्कळ. चक्रधरांनी पारध्यांपासून सशाला अभय दिल्याची लीळा ऐकत तो वाढला. त्याने मला विचारलं, असलं पुस्तक तू लिहितोसच कशाला? मी त्याला म्हणालो, हत्यारं घराघरांत आधीच आहेत. ती आणायला मी कोणाला सांगत नाही. जी आहेत ती गप्प राहावीत म्हणून लिहितोय. तो समाधानी झाला असं मला वाटत नाही. त्याच्या प्रश्नाने मला तीन प्रकरणं पुन्हा लिहायला लावली, आणि घ्यावं का हा भाग निवडीच्या आधी आला तो त्याच्यामुळे.

मोर्शीकरांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. आपण राज्याच्या कडेला राहतो. परवान्यावर तो किती मुलखात चालतो ते लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता असेल तर मुलताईला किंवा पांढुर्ण्याला जाताना हत्यार घरी ठेवायचं. हद्दीवर पाटी असो वा नसो. महाशिवरात्रीला सालबर्डीला जाणाऱ्यांनी तर ते घरीच ठेवावं, कारण जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजच्या आवारात हत्यार नेणं परवान्याच्या अटींतच बसत नाही.

दुसरं, निवडणूक. आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो आणि हत्यारं जमा करावी लागतात. अनेकांना तो अपमान वाटतो; मला वाटत नाही. फक्त जमा करताना काळजी घ्या. आदल्या रात्री नळी साफ करा, नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल लावा, कारण पुढचे काही आठवडे ते दमट खोलीत कापडी पिशवीत पडून राहणार असतं. पावतीवर हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या आणि हत्याराची स्थिती लिहून घ्या. परत घेताना तिथेच उघडून पाहा. हरवलं किंवा चोरीला गेलं तर तासाभरात ठाण्यात. उद्या सकाळी नाही.

राहिला वारसा. परवाना माणसाच्या नावाचा असतो, हत्यारासोबत तो खाली उतरत नाही. धनी गेला की त्या क्षणापासून घरातलं ते हत्यार बिनपरवान्याचं असतं, आणि दुःखात असलेल्या घराला हे कोणी सांगत नाही. काका गेले तेव्हा तेराव्यापर्यंत ते पेटीतच होतं. मग काकूने मला सोबत घेतलं आणि आम्ही ते ठाण्यात जमा केलं. माझा परवाना व्हायला पुढे बराच काळ गेला. परत मिळालं तेव्हा नळीच्या आत गंजाचे खड्डे पडले होते. तीन संध्याकाळी ब्रश, तेल आणि चिंध्या घेऊन बसलो, गंज गेला, खड्डे राहिले. मी दोष कोणाला देत नाही. जमा करण्याआधी नळीत तेल घालायचं सुचलं असतं तर ते वाचलं असतं. आमच्यापैकी कोणालाच ते ठाऊक नव्हतं.

माझ्या मुलांना हे रिव्हॉल्व्हर नको आहे. मुलगी नागपूरला शिकवते, तिने स्पष्ट सांगितलं. मला बरं वाटलं. पेटीत हत्यारासोबत एक दोनशे पानी वही असते: कधी पुसलं, कधी मैदानावर नेलं, किती काडतुसं वापरली, किती उरली, खोका कोणत्या साली घेतला. गेल्या दिवाळीत मुलीने ती वही मागून घेतली आणि शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलं: पेटीची किल्ली कुठे, परवाना कोणत्या फाइलीत, आधी ठाण्यात फोन करायचा, हात लावण्याआधी घरातली लेकरं बाहेर पाठवायची. मग तिने काडतुसं स्वतः मोजायला मागितली. मी ती तिच्या ओंजळीत एकेक ठेवत गेलो, तिने मोजली, तारीख घातली आणि त्याखाली आकडा लिहिला: चोवीस.